अकरा किलोची नवजात नागरिक

भारत देशात प्रवेश करण्याची जी मोजकी अधिकृत दारं आहेत, त्यांतल्या एका दाराशी बसून मी बावीस वर्षं देशसेवा केली. दार सागवानी होतं. पावसाळ्यात ते फुगायचं आणि एकदा फुगलं की दिवाळीपर्यंत लागत नसे. त्या काळात आमच्या शाखेत शेळ्या, भटकी कुत्री आणि विमा विकणारे यांना मुक्त प्रवेश असायचा. नागरिकत्व हवं असणाऱ्याला मात्र अर्ज करावा लागे, तीन प्रतींत.

शाखेचं नाव गृह शाखा, जिल्हाधिकारी कचेरीतली. बंदुकीचे परवाने, फटाक्यांच्या दुकानांचे परवाने, लाऊडस्पीकरच्या परवानग्या, मोर्चे आणि उपोषणांची पत्रं असा आमचा माल. थोडक्यात, हिंगोली जिल्ह्यात ज्या गोष्टीचा आवाज होतो ती आमच्या टेबलावर यायची. अजिबात आवाज न करणारी एकच गोष्ट आमच्या ताब्यात होती, ती म्हणजे नागरिकत्व. तिच्या फायली लोखंडी कपाटाच्या सगळ्यात खालच्या खणात असत. खण उघडायला गुडघे टेकावे लागत, त्यामुळे त्या विषयाला आपोआप थोडं पावित्र्य आलं होतं.

मी तिथे कारकून म्हणून लागलो, पुढे अव्वल कारकून झालो, आणि निवृत्ती जवळ आल्यावर सरकारनं माझं नाव बदलून सहायक महसूल अधिकारी केलं. खुर्ची तीच राहिली, तिचा मोडका हातही तोच राहिला. तलाठी ग्राम महसूल अधिकारी झाले, ग्रामसेवक ग्रामपंचायत अधिकारी झाले. या लेखात मी जुनीच नावं वापरणार आहे. गावातले लोक तीच वापरतात, आणि नव्या नावांना कागद जास्त लागतो.

नागरिकत्वाची गिऱ्हाइकं क्वचित येत, पण आली की लक्षात राहत. कनेरगाव नाक्याकडे ढाबा चालवणारे एक गृहस्थ एकदा लेखी राजीनामा घेऊन आले. ढाब्यासमोरचा रस्ता दोन वर्षं खोदून ठेवला होता, म्हणून त्यांनी भारताच्या नागरिकत्वाचा तात्काळ राजीनामा दिला होता. मी अर्जावर आवक शिक्का मारला आणि पोच दिली. आमच्या खात्यात काहीही आलं तरी पोच देतात. महिन्याभरानं ते पुन्हा आले.

"भाऊसाहेब, तो राजीनामा वापस पाहिजे."

"काहून? रस्ता झाला का?"

"रस्ता कशाचा होते! ढाब्याचा परवाना संपून राहिला. नव्या अर्जात पयलाच प्रश्न हाय, नागरिक हाव का म्हणून. खोटं कसं लिहू?"

इतका सरळ माणूस मी त्या दारातून पुन्हा जाताना पाहिला नाही. त्यांचा राजीनामा मी परत केला. मध्ये महिनाभर ते नेमके कोण होते, हा प्रश्न कोणी विचारला नाही आणि मीही काढला नाही.

पण सांगायची आहे ती चिपोची गोष्ट.

सेनगाव तालुक्यात, पुसेगावहून पुढे, एक गाव आहे. नाव लिहीत नाही, कारण ग्रामसेवक अजून नोकरीत आहेत. त्या गावचा संघपाल खिल्लारे हा बोअर पाडायच्या यंत्रांवरचा तंत्रज्ञ. आफ्रिकेत झांबिया देशात एका कंपनीसाठी सहा वर्षं बोअर पाडत होता. बायको वैशाली सोबत होती. मूल नव्हतं. तिथल्याच एका अनाथालयातली चिपो नावाची पोरगी त्यांनी कायदेशीर दत्तक घेतली, करार संपला आणि तिघं गावी परत आले. पोरगी तेव्हा अडीच वर्षांची होती. गावी संघपालची आई गयाबाई होती. तिनं शेतात मजुरी करून पोराला शिकवलं होतं. जिल्ह्यातल्या कुठल्याही अधिकाऱ्याला ती अरेतुरे करायची आणि अधिकारी ते ऐकून घ्यायचे.

लोकांना वाटतं, परदेशातल्या कोर्टानं हुकूम दिला, पोरगी कडेवर घेतली, विमानात बसलो, झालं. खरं काम विमानातून उतरल्यावर सुरू होतं. परदेशी मूल दत्तक घ्यायच्या आधी दिल्लीतल्या दत्तक प्राधिकरणाचं ना-हरकत लागतं, ते संघपालनं घेतलं होतं. तिथल्या कोर्टाचा हुकूमही होता. पण मूल येतं ते तिथल्या पासपोर्टवर, आपला व्हिसा घेऊन. म्हणजे घरात नात आणि कागदावर परदेशी पाहुणी. व्हिसाची मुदत संपत आली की ती पोलीस अधीक्षकांच्या कचेरीतून वाढवून घ्यायची. दरम्यान आईबापांनी मुलासाठी नागरिकत्वाचा अर्ज ऑनलाइन भरायचा आणि त्याचा कागदी गठ्ठा आमच्याकडे द्यायचा. आम्ही पोलिसांकडून चौकशी करून घ्यायची आणि अहवाल मुंबईला पाठवायचा. मुंबईनं तो दिल्लीला पाठवायचा. दिल्लीनं हो म्हटलं की मुलाचं जुनं नागरिकत्व सोडल्याचा पुरावा आणायचा, कारण आपल्याकडे एका वेळी एकच देश चालतो. मग प्रमाणपत्र. दत्तक घेताना आईबाप मूल निवडत नाहीत इतक्या काळजीनं सरकार कागद निवडतं.

संघपालनं जुलैत गठ्ठा दिला. मी यादीप्रमाणे टिकमार्क केले, प्रत्येक प्रतीवर 'मूळ प्रतीवरून पडताळले' असा शिक्का मारून सही केली आणि फाइल पोलीस चौकशीला पाठवली.

पोलिसांकडे परदेशी नागरिकांचं काम पाहायला एक हवालदार असतो. आमच्याकडे सय्यदभाई होते. हिंगोलीत परदेशी नागरिक येणार किती? नरसी नामदेवला देवदर्शनाला आलेलं एखादं जोडपं वाट चुकून यायचं, तेवढंच. सय्यदभाई त्यांना चहा पाजायचे आणि रजिस्टरात नोंद करायचे. त्यामुळे चिपोची फाइल आल्यावर त्यांनी ती सणासारखी साजरी केली. फेब्रुवारीत ते स्वतःच अहवालाचा मसुदा घेऊन आले. सरकारी मराठीचा असा नमुना मी दुसरा पाहिला नाही:

'सदर अर्जदार हिचे वर्तन चांगले असून ती कोणत्याही राजकीय पक्षाशी अथवा बंदी घातलेल्या संघटनेशी संबंधित नाही. तिच्याविरुद्ध गुन्हा दाखल नाही. शेजाऱ्यांच्या जबाबानुसार तिने एक वेळा लगतच्या गोठ्यातील शेळीची दोन पिल्ले सोडून दिली, तथापि तक्रार नाही. अर्जदारास स्थानिक भाषा अवगत आहे. व्यवसाय: निरंक.'

मी हसत वाचत होतो. सय्यदभाई हसत नव्हते. त्यांनी फाइल उघडून पहिलं पान माझ्यासमोर धरलं.

"भाऊसाहेब, ये देखो. लडकी दो जगह पैदा हुई है."

पहिल्या पानावर जन्माचा दाखला होता. चिपो संघपाल खिल्लारे, जन्मठिकाण: राहते घर, गाव तेच, पुसेगावहून पुढचं. जन्मतारीख: गेल्या वर्षीच्या जूनमधली. सातव्या पानावर झांबिया सरकारचा जन्मदाखला होता, त्याप्रमाणे ती त्या जूनमध्ये अडीच वर्षांची होती. दोन्ही पानांवर 'मूळ प्रतीवरून पडताळले' असा शिक्का होता आणि दोन्ही शिक्क्यांवर माझी सही होती.

"वाचलं नव्हतं का?" सय्यदभाईंनी अगदी हळू विचारलं.

संघपालनं तो कागद वाचला नव्हता, आईनं घडी घालून दिला म्हणून रहिवासाचा असेल असं समजून गठ्ठ्यात लावला होता. मी वाचला नव्हता. वाचला फक्त सय्यदभाईंनी, आणि तोही त्यांना नवा चष्मा लागला होता म्हणून.

आता यात हसण्यासारखं काही उरलं नव्हतं. चिपोचा व्हिसा जूनमध्ये संपत होता. मुदत वाढवायची तर अर्ज विचाराधीन असल्याचं आमचं पत्र हवं. अर्जात खोटा दाखला असेल तर ते पत्र देता येत नाही. पत्र नाही तर मुदत नाही, मुदत नाही तर तीन वर्षांचं लेकरू बेकायदा राहणारं परदेशी. वर, खोटा दाखला जोडला म्हणून आईबापांवर गुन्हा. सय्यदभाई म्हणाले, "मैं रिपोर्ट सोमवारपर्यंत रोखतो. लेकिन सोमवार के बाद माझी नोकरी जाईल."

शनिवारी सुट्टी होती. मी मोटरसायकल काढून गावात गेलो.

ग्रामसेवक भास्करराव सुट्टी असूनही ग्रामपंचायतीत बसले होते. मनमिळाऊ, तत्पर, कोणाचं काम अडवून न ठेवणारा माणूस. सरकारी नोकरीत हा सगळ्यात धोकादायक प्रकार. मी दाखला त्यांच्यापुढे ठेवला.

"हे काय आहे?"

"दाखला हाय साहेब. गयाबाईच्या नातीचा. एकवीस दिवसांच्या आत केला, नियमात." त्यांनी नियम हा शब्द मोठ्या अभिमानानं उच्चारला.

"भास्करराव, गावात आली तेव्हा ही पोरगी अडीच वर्षांची होती."

"व्हय, असंल तेवढी."

"तुमच्या दाखल्याप्रमाणे ती त्या दिवशी जन्मली."

"गावात तं त्याच दिवशी आली ना साहेब. ऑटोतून उतरली अन् चालत घरी गेली. मी सवता पाहिलं."

"चालत गेली, आणि तुम्ही लिहिलंय, जन्म राहत्या घरी."

"मंग काय लिहू? दवाखाना लिहिला असता तं खोटं झालं असतं."

मी पुढचा रकाना दाखवला. 'प्रसूतीसमयी मदत करणारी व्यक्ती' या रकान्यात गयाबाई खिल्लारे असं होतं.

"दुसरं कोन व्हतं?" भास्करराव म्हणाले. "सून तं विमानातून आली म्हून झोपली व्हती. लेकराला आंघोळ गयाबाईनंच घातली."

त्यांची विचारसरणी मला हळूहळू कळली. त्यांच्या रजिस्टरात माणूस गावात येण्याचा एकच मार्ग छापलेला होता, जन्म. जाण्याचाही एकच. लग्न करून येणाऱ्या सुना त्यांच्या रजिस्टरात कधी येतच नसत. मग दत्तक लेकराचा रकाना ते कुठून आणणार? त्यांनी जवळातला जवळ रकाना निवडला होता, आणि निवडताना गावातल्या कोणाच्या डोळ्यांत तो खुपला नव्हता.

गोष्ट इथेच थांबली असती तरी पुरे होतं. पण ग्रामपंचायतीच्या भिंतीवर एक तसबीर होती, तिच्याकडे माझं लक्ष गेलं. प्रशस्तिपत्र होतं. ग्रामपंचायतीतल्या नवजात नोंदी दर महिन्याला अंगणवाडीकडे जातात. अंगणवाडीच्या ताई काटा घेऊन गयाबाईंकडे गेल्या. यादीत वय होतं चार दिवस. काट्यावर वजन आलं अकरा किलो. ताई प्रामाणिक होत्या, त्यांनी दोन्ही गोष्टी जशाच्या तशा लिहिल्या. तो तक्ता वर गेला, तिथे कुठल्याशा साहेबांनी तो पाहिला, आणि गरोदर मातांच्या आहार योजनेला या गावात अभूतपूर्व यश आल्याचा निष्कर्ष काढला. गावाला प्रशस्तिपत्र आणि स्टीलचा डबा मिळाला. डबा ताईंनी चिपोलाच दिला, एवढी न्यायबुद्धी गावात होती.

"भास्करराव, ही जन्माची नोंद रद्द करावी लागेल," मी म्हटलं.

त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी संगणकावर दोन-तीन पानं उघडून पाहिली. मग एकदम खुलले. "सोपं हाय साहेब. जन्माची नोंद बंद करायची एकच रीत मला येते. मृत्यू टाकून देतो. आज टाकला तं दुपारपर्यंत मोकळं."

तेवढ्यात मागून आवाज आला. "कोन मेलं रे भास्कर?"

गयाबाई दारात उभी होती. साहेब आल्याची बातमी गावात मोटरसायकलच्या आधी पोचते. तिच्या पदराला धरून चिपो उभी होती, एका हातात तो स्टीलचा डबा.

"कोनी न्हाई मावशी," भास्करराव म्हणाले. "नुसतं कागदावर."

"कोनाला मारून राहिला कागदावर?"

भास्कररावांनी खरं ते सांगितलं. मदत करण्याची ऊर्मी माणसाला कुठवर नेते ते मी त्या दिवशी पाहिलं.

"माया नातीला?" गयाबाई आत आली. "तिनं काय तुया बापाचं वावर खाल्लं? कागदावर बी काहून मरंल ती? तूच मर ना कागदावर. तुया बायकोला पेन्शन तरी भेटंल."

"मावशी, तकलीफ कमी व्हावी म्हून बोललो…"

"कमी करू करूच तं एवढी वाढवली रे तुवा!"

चिपोनं डबा वाजवला आणि विचारलं, "आजी, काहून मरायचं?" ही पोरगी बोअरच्या यंत्राच्या आवाजात, तिथल्या भाषेत वाढलेली. आठ महिन्यांत तिला मराठीतला पहिला पक्का शब्द आला तो काहून. सरकारी कामासाठी याहून उपयोगी शब्द नाही, आणि याहून गैरसोयीचाही नाही.

मी गयाबाईंना शांत केलं. कायद्यात चुकीची नोंद रद्द करायची रीतसर तरतूद आहे हे सांगितलं. मूळ नोंद खोडायची नसते, समासात कारण लिहायचं, तारीख घालून सही करायची. कोणी मरत नाही. मग मी जरा कडक आवाजात विचारलं, कारण चूक कोणाची हे ठरल्याशिवाय माझ्यातला कारकून घरी जात नसे:

"पण गयाबाई, हा दाखला काढायला तुम्हाला सांगितलं कोणी?"

गयाबाईंनी माझ्याकडे नीट पाहिलं.

"तूच की रे बाबू."

"मी?"

"मंग कोन? जूनात आल्ते मी कचेरीत. सून आजारी, पोरगा बँकेत, म्हून मीच आल्ते इचारायला. तू दारापाशी बसला व्हतास. म्हणलं बाबू, लेकराचे कागद करायचे, काय काय आनू? तू म्हणलास, जन्माचा दाखला ग्रामपंचायतीचा. मी म्हणलं, बाबू, लेकरू तं तिकडं जलमलं. तू म्हणलास, ग्रामपंचायतीचाच लागते. मान बी वर केली न्हाईस."

"मी असं म्हणालो?"

"व्हय. अन् हसून राहिला व्हतास. पुस्तक व्हतं तुया मेजाच्या खणात. त्याच्यात पाहून हसत व्हतास."

मला बाई आठवली नाही. पुस्तक आठवलं. त्या जूनमध्ये मी खणात एक जाडजूड परदेशी कादंबरी उघडून ठेवत असे आणि कामाच्या अधूनमधून वाचत असे. तीत सरकारी कारकुनांची यथेच्छ टवाळी होती. मला ती फार पटली होती.

माझ्या मागच्या भिंतीवर वर्षानुवर्षं एक यादी लावलेली होती, सगळ्या प्रकारच्या अर्जांना चालणारी. तिच्यात पहिल्या क्रमांकाला जन्म दाखला, कंसात ग्रामपंचायतीचा, असं होतं. बावीस वर्षांत ते वाक्य मी इतक्या वेळा उच्चारलं होतं की ते म्हणायला मला डोकं लागत नव्हतं. गयाबाई गावी गेली आणि भास्कररावांना म्हणाली, कचेरीतल्या मोठ्या बाबूनं मागितलाय. भास्कररावांनी दिला. त्या साखळीत सगळ्यांनी आपापलं काम केलं होतं. वाचणं हेच काम असून न वाचणारा असा मी एकटाच होतो.

परतताना मला एक गोष्ट स्वच्छ दिसत होती. नोंद रद्द करणं सोपं होतं. अवघड होतं ते त्याचं कारण. 'अर्जदारानं चुकीचा दाखला जोडला' असं लिहिलं तर संघपाल अडकतो. 'ग्रामसेवकानं खोटी नोंद केली' असं लिहिलं तर भास्करराव जातात आणि संघपालवर संशय राहतोच. अर्जदारानं फसवणूक केली नाही हे एकाच वाक्यानं सिद्ध होत होतं: दाखला मागितला होता कचेरीनं, आणि कचेरी म्हणजे मी. निवृत्तीला आठ महिने राहिले होते. मी शूर माणूस नाही. रविवारभर मी त्या वाक्याला कर्मणी प्रयोगात बसवता येतं का ते पाहत होतो.

सोमवारी संघपालला बोलावलं होतं. तो चिपोला घेऊन आला. मी टिपण लिहायला बसलो तेव्हा ती माझ्या टेबलावर बसली आणि शिक्क्यांशी खेळू लागली. तिनं आवक शिक्का शाईत बुडवून टेबलावर मारला, फाइलवर मारला, मग स्वतःच्या तळहातावर मारला आणि हात माझ्यापुढे केला. तारखेसह स्पष्ट उमटला होता. आमच्या कचेरीत तिची रीतसर म्हणता येईल अशी तेवढीच नोंद त्या क्षणी होती. मी टिपणात लिहिलं, 'सदर दाखला निम्नस्वाक्षरीकाराने तोंडी व चुकीची मागणी केल्यामुळे काढण्यात आला. अर्जदाराचा हेतू स्वच्छ आहे.'

आमच्या साहेबांनी ते वाचलं. साहेब उभं राहून मजकूर सांगत असत. बसून सांगितलेल्या मजकुराला वजन येत नाही असं त्यांचं मत होतं.

"हे निम्नस्वाक्षरीकार कोण?"

"मी, साहेब."

"मग स्वतःचं नाव कशाला घालता? 'अनवधानाने' लिहा. अनवधानाला सेवापुस्तक नसतं."

"वरचे विचारतील, कोणाचं अनवधान? आणि ढकलायला पोरीचा बाप हाताशी आहे."

साहेब बसले, आणि बसूनच सही केली.

नियमाप्रमाणे मला कारणे दाखवा नोटीस निघाली. शाखेतले सगळे मसुदे मीच करत असल्यामुळे ती मीच लिहिली. नोटीस चांगली उतरली होती, साहेबांनी एकही शब्द बदलला नाही. तिला उत्तरही मीच दिलं. उत्तर नोटिशीइतकं जमलं नाही. सेवापुस्तकात सक्त ताकीद लागली, एका ओळीची. भास्कररावांनी समासात कारण लिहून नोंद रद्द केली, त्यांनाही ताकीद मिळाली. सय्यदभाईंनी त्यांच्या अहवालात एक वाक्य वाढवलं: 'अर्जदाराचा जन्म एकदाच झाला असल्याची खात्री केली.' व्हिसाला मुदतवाढ मिळाली तेव्हा दोन दिवस शिल्लक होते.

फाइल मुंबईला गेली, दिल्लीला गेली. दिल्लीनं होकार कळवला आणि जुनं नागरिकत्व सोडल्याचा पुरावा मागितला. संघपालनं वकिलातीतून तो आणला. तो पुरावा देणं आणि प्रमाणपत्र येणं यांत एकोणीस दिवस गेले. ते एकोणीस दिवस चिपो पृथ्वीवरच्या कुठल्याच देशाची नव्हती. मी हे फोनवर गयाबाईंना सांगितलं.

"म्हंजे आता कोनाचीच न्हाई?"

"कागदावर नाही."

"बराबर. म्हून आज जेवायला जास्त मागून राहिली."

प्रमाणपत्र आलं ते माझ्या निवृत्तीच्या आदल्या आठवड्यात. साहेबांनी ठरवलं की ते साध्या टपालानं द्यायचं नाही, समारंभानं द्यायचं. हॉल, फुलं, छायाचित्रकार. माझा निरोपही त्याच दिवशी उरकला. हार दोन आणले होते, शाल एक. साहेबांचं भाषण मीच लिहून दिलं होतं. नागरिकत्व हे माणसाच्या आयुष्यातलं परमोच्च भाग्य आहे अशी त्याची सुरुवात होती. त्या वाक्याला टाळ्या पडल्या. चिपो गयाबाईंच्या खांद्यावर झोपली होती. छायाचित्रासाठी तिला उठवायचा प्रयत्न झाला, तेव्हा ती रडली आणि पुन्हा झोपली. शेवटी प्रमाणपत्र गयाबाईंच्या हातात द्यावं लागलं.

"आजी," साहेब गंभीरपणे म्हणाले, "आजपासून ही भारताची झाली."

"आजपासून?" गयाबाई म्हणाली. "मंग मागल्या साली पोलिओचं बोट कोनी रंगवलं व्हतं, झांबियानं?"

साहेबांच्या भाषणात याला उत्तर नव्हतं. ते माझंच चुकलं.

निवृत्तीनंतरचा पहिला उन्हाळा गेला. जूनमध्ये संघपालचा फोन आला. आता तो हिंगोलीत पाणबुडी मोटारी दुरुस्त करतो, पोरीला शहरातल्या बालवर्गात घालायचं होतं. "साहेब, जरा येता का शाळेत? खिडकीवर अडून राहिलंय."

मी गेलो. संघपालच्या हातात दिल्लीचं नागरिकत्वाचं प्रमाणपत्र होतं, कोर्टाचा हुकूम होता, झांबियाचा जन्मदाखला होता, नवा भारतीय पासपोर्ट होता. सगळं खिडकीतून आत सरकवलेलं आणि तसंच परत आलेलं. आतला कारकून तरुण होता, खणात मोबाइल उघडा ठेवून काहीतरी बघत हसत होता. मान वर न करता तो म्हणाला, "हे सगळं असू द्या. जन्माचा दाखला आणा, ग्रामपंचायतीचा."